आंबेनळी घाट गाडीने: महाबळेश्वरहून पोलादपूरला कसं उतरावं, कुठे थांबावं

महाबळेश्वरला जाणारे बहुतेक लोक वाईवरून पसरणी घाट चढतात, दोन दिवस पॉइंट बघतात आणि त्याच वाटेने परत फिरतात. डोंगराच्या दुसऱ्या अंगाला उतरणारा आंबेनळी घाट त्यांच्याकडून राहूनच जातो. माझ्या मते या भागातला सगळ्यात देखणा रस्ता तोच आहे. महाबळेश्वर ते पोलादपूर हे अंतर जेमतेम ४० किलोमीटर, पण तेवढ्यात तुम्ही सुमारे साडेतेराशे मीटर उंचीवरच्या जांभ्याच्या पठारावरून थेट कोकणच्या तळाशी पोहोचता. हवा बदलते, झाडं बदलतात, घरांची छपरं बदलतात आणि बोलीही बदलते.

एक गोष्ट मात्र निघण्याआधीच मनाशी पक्की करा. हा घाट चालवता चालवता बघायचा नाही. चालवताना नजर रस्त्यावर, आणि बघायचं तेव्हा गाडी पूर्ण बंद करून बाजूला. ज्याने थांबे आधी ठरवले आहेत, त्याला वळणावर दरीकडे मान वळवायचा मोह होत नाही. म्हणून पुढे गाडी चालवण्याइतकंच गाडी थांबवण्याबद्दलही लिहिलं आहे.

कधी जावं

सर्वांत चांगला काळ ऑक्टोबर ते फेब्रुवारी. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात डोंगर अजून हिरवे असतात, सोनकीची पिवळी फुलं उतारांवर शिल्लक असतात आणि एखाददुसरा ओहळ वाहत असतो. डिसेंबर-जानेवारीत हवा स्वच्छ असते आणि लांबवरच्या डोंगररांगा एकामागे एक उभ्या दिसतात. एप्रिल-मेमध्ये दऱ्या धुरकट असतात, पण करवंदं आणि जांभळं त्याच दिवसांत मिळतात. सुट्ट्यांमुळे गर्दीही तेव्हाच.

पावसाळ्यातला हा घाट फार सुंदर दिसतो, तरीही घाटात नवख्या चालकाने जून ते सप्टेंबर गाडी घेऊन इथे येऊ नये, असं मी स्पष्टच सांगेन. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. जुलै २०२१ मध्ये एका २४ तासांत तिथे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच पावसात महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली आणि आंबेनळीचा रस्ता ठिकठिकाणी खचून बंद पडला. हे का होतं तेही समजून घ्यायला हवं. सह्याद्री बेसाल्टच्या थरांचा बनलेला आहे आणि महाबळेश्वरच्या माथ्यावर सच्छिद्र जांभा आहे. पाणी जांभ्यातून झिरपतं, भेगांमध्ये साठतं आणि वरची सैल माती-दगड घसरायला लागतात. रस्त्यासाठी डोंगर जिथे कापलाय तिथे त्याला खालून आधारच राहिलेला नसतो.

मुसळधार पावसात प्रशासन हा घाट काही वेळा पूर्ण, काही वेळा फक्त रात्री किंवा अवजड वाहनांसाठी बंद ठेवतं. जाण्याच्या दिवशी खात्री करायचा सोपा उपाय म्हणजे महाबळेश्वरच्या किंवा पोलादपूरच्या एसटी स्थानकावर चौकशी करणं. घाटातून एसटी चालू असेल तर रस्ता चालू आहे. एसटी बंद असेल तर मोबाइलवरचा नकाशा काहीही दाखवो, तुम्हीही जाऊ नका.

दोन-तीन दिवस आधी गाडीसाठी

उताराच्या घाटात खरी परीक्षा ब्रेकची. गॅरेजमध्ये ब्रेक पॅड आणि ब्रेक ऑइल दोन्ही बघायला सांगा. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. जुनं झालेलं ऑइल लवकर उकळतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल दाबलं तरी गाडी थांबत नाही. दोन वर्षांहून जुनं असेल तर बदलून घ्या, खर्च फार नसतो. टायरची नक्षी, हवा आणि स्टेपनीची हवाही बघा. स्टेपनी असते, पण तिच्यात हवा नसते, ही आपल्याकडची नेहमीची गोष्ट. कुलंट, वायपरचं रबर, हॉर्न, पुढचे-मागचे दिवे आणि हँडब्रेक तपासा. हँडब्रेक चढावर गाडी धरतो का, हे घरापाशीच एखाद्या उतारावर पाहून घ्या.

इंधन महाबळेश्वरलाच भरा, घाटात पंप मिळेल असं धरून चालू नका. सीएनजीवरच्या गाडीत पेट्रोलही पुरेसं असू द्या, कारण परतीच्या चढाला पेट्रोलवर गाडी जास्त जोर धरते. इलेक्ट्रिक गाडी असेल तर वरून निघताना बॅटरी शंभर टक्के भरू नका. उतारावर मोटर वीज परत बॅटरीत ढकलते आणि त्याच ओढीने गाडीचा वेग आवरला जातो. बॅटरी गच्च भरलेली असेल तर ती वीज घ्यायला जागाच नसते आणि सगळा भार ब्रेकवर येतो.

गाडीत दोन मोठे दगड किंवा लाकडी ठोकळे ठेवा. चढ-उतारावर थांबताना चाकाला ओट, म्हणजे अडसर, लावायला दुसरं काही इतकं खात्रीचं नाही. सोबत विजेरी, पाणी, दोरी आणि प्रथमोपचाराची पेटी हवी. मोबाइलला घाटात सगळीकडे रेंज मिळत नाही, म्हणून नकाशा आधीच उतरवून ठेवा. आपत्कालीन मदतीसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक गाडीतल्या लहान-मोठ्या सगळ्यांना माहीत असू द्या.

ज्यांना गाडी लागते

घाटात निम्म्या घरांचा आनंद इथेच संपतो, म्हणून याची तयारी आधी करा. निघण्यापूर्वी पोटभर तेलकट खाऊ नका आणि अगदी उपाशीही निघू नका. पोहे, इडली, केळं एवढं पुरतं. ज्याला त्रास होतो त्याला पुढच्या सीटवर बसवा आणि लांब समोर बघायला सांगा. मोबाइल आणि पुस्तक बंद. काच थोडी खाली, आणि गाडीत सुगंधी अत्तराची बाटली असेल तर काढून टाका, त्याच वासाने पुष्कळांना मळमळतं. आलेपाक किंवा आवळासुपारी तोंडात ठेवली की बऱ्याच जणांना बरं वाटतं. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून, निघण्याआधी तासभर. चालकाने ही गोळी घेऊ नये, तिने झोप येते.

उतरताना गाडी कशी चालवायची

महाबळेश्वरहून सकाळी साडेसात-आठला निघा. नुसती चाळीस किलोमीटर गाडी चालवायला सव्वा ते दीड तास लागतो, पण थांबे आणि प्रतापगड धरून दुपारपर्यंतचा वेळ हाताशी ठेवा.

जुने एसटीचालक सांगतात तो नियम इथेही लागू आहे: जो चढ ज्या गिअरमध्ये चढाल, तो उतार त्याच गिअरमध्ये उतरा. बहुतेक ठिकाणी दुसरा, मोकळ्या पट्ट्यात तिसरा. खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला मागे ओढून धरतं आणि ब्रेकला विसावा मिळतो. इंजिनचा आवाज वाढतो म्हणून घाबरू नका. पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडणं किंवा क्लच दाबून घरंगळत जाणं अगदी टाळा. त्यात गाडीचा सगळा भार एकट्या ब्रेकवर पडतो. ऑटोमॅटिक गाडीत नुसत्या ‘डी’वर राहू नका. मॅन्युअल मोड, ‘एल’ किंवा ‘एस’ जे असेल ते वापरा. ते कसं लावायचं हे घरीच शिकून घ्या, घाटात पुस्तिका उघडायला वेळ नसतो.

ब्रेकवर सतत हलका पाय ठेवण्याची सवय बऱ्याच चांगल्या चालकांनाही असते. शहरात ती खपून जाते, इथे तिने ब्रेक तापतात. वेग वाढला की ब्रेक ठामपणे दाबा, वेग उतरला की पूर्ण सोडा, आणि तापलेल्या ब्रेकला थोडा वारा लागू द्या. वळणासाठी वेग कमी करायचा तो वळणाच्या आधी, रस्ता सरळ असताना. वळणात शिरल्यावर चाकं वळलेली असताना जोरात ब्रेक मारला तर गाडी घसरू शकते.

वळण आंधळं असेल तर आधी हॉर्न द्या, गाणी बंद करा, काच दोन बोटं खाली ठेवा आणि पलीकडून हॉर्न येतो का ते ऐका. आपली बाजू सोडू नका. रस्ता रिकामा दिसतो म्हणून आतून वळण कापणं ही घाटातली सर्वांत महागात पडणारी सवय आहे. बस किंवा टेम्पो समोरून येत असेल तर वळणाच्या अलीकडेच थांबा. लांब गाडीला वळायला पूर्ण रस्ता लागतो, आणि तुम्ही वळणात घुसलात तर दोघंही अडकता. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा वाहतुकीचा नियमच आहे. तुम्ही उतरत आहात, तेव्हा थांबायचं तुम्ही. थांबताना साइडपट्टीवर भरवसा ठेवू नका. पावसाळ्यानंतर ती आतून पोखरलेली असू शकते, त्यामुळे दरीकडची चाकं डांबरावरच राहू द्या.

मागून एखादा स्थानिक चालक घाई करत असेल तर रुंद जागा बघून त्याला पुढे जाऊ द्या. तो रोज हा रस्ता चालवतो, त्याच्या वेगाशी तुमचा काही संबंध नाही.

जळका वास आला, पेडल मऊ लागलं किंवा खोल जायला लागलं, तर ब्रेक तापले आहेत असं समजा. गिअर आणखी खाली आणा, पहिली रुंद जागा येताच थांबा, चाकाला ओट लावा आणि अर्धा तास गाडी तशीच उभी ठेवा. चाकांवर पाणी ओतू नका, तापलेली डिस्क वाकडी होऊ शकते. चालत्या गाडीत ब्रेक लागेनासेच झाले तर पेडल भराभर पंप करत एकेक गिअर खाली घ्या, हँडब्रेक हळूहळू ओढा, हॉर्न आणि दिवे चालू ठेवा आणि गाडी डोंगराच्या बाजूला घ्या. डोंगराकडच्या गटारात गेलेली गाडी पुन्हा काढता येते.

धुकं असेल तर दिवे खालच्या झोतावर ठेवा, वरचा झोत धुक्यावर आपटून डोळ्यांवरच येतो. चारही इंडिकेटर लावून चालत राहू नका. तुम्ही कुठे वळणार हे मागच्याला कळत नाही. समोरचं काहीच दिसत नसेल तर पुढच्या रुंद जागी रस्ता सोडून थांबा, मग इंडिकेटर लावा.

टप्प्याटप्प्याने खाली

महाबळेश्वर सोडलं की रस्ता दाट झाडीतून उतरायला लागतो. हे रान शेकरूचं आहे. खालच्या गिअरचा सराव व्हायला हा पहिला टप्पा चांगला. मेटतळ्याच्या पुढे दरी उघडायला लागते आणि थोड्याच वेळात प्रतापगड समोर येतो. इथे थांबावंसं वाटेल. थांबा, पण रुंद सपाट जागा असेल तरच, आणि वळणापासून लांब. मुलांना दरीच्या बाजूच्या दारातून उतरवू नका. कठड्यावर बसून फोटो काढू नका, घाटातला प्रत्येक कठडा पक्का असेलच असं नाही. माकडांना खायला घालू नका. हातातून पिशवी ओढायला ती त्यानेच शिकतात.

वाडा कुंभरोशी हे या वाटेवरचं मुख्य गाव. चहा, भाकरी, ताक इथे मिळतं. गाडीला विश्रांती द्यायची तर इथेच. या गावाच्या आसपास पाण्याची वाट बदलते. एका अंगाला पडलेला पाऊस कोयनेत जातो, कोयना कऱ्हाडला कृष्णेला मिळते आणि ते पाणी बंगालच्या उपसागरात पोहोचतं. दुसऱ्या अंगाचं पाणी सावित्रीत उतरून बाणकोटच्या खाडीने अरबी समुद्रात जातं. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाचही नद्यांचा उगम क्षेत्र महाबळेश्वरला सांगतात. त्यातली सावित्री आता खालपर्यंत तुमच्यासोबत असेल. तिला किरकोळ समजू नका. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा ब्रिटिशकालीन पूल याच नदीच्या पुरात वाहून गेला आणि दोन एसटी बस पाण्यात गेल्या.

कुंभरोशीहून प्रतापगडाचा फाटा आहे. गडाच्या वाहनतळापर्यंत गाडी जाते, तिथून पायऱ्या. गडाला दोन तास द्या. मोरोपंत पिंगळ्यांच्या देखरेखीखाली बांधलेला हा गड इथेच का, हे बुरुजावर उभं राहिलं की कळतं. जावळीचं खोरं आणि कोकणात उतरणारी वाट दोन्ही नजरेच्या टप्प्यात आहेत. अफझलखान वाईहून मोठी फौज घेऊन रडतोंडीच्या घाटाने पार गावी उतरला, आणि १० नोव्हेंबर १६५९ ला गडाच्या पायथ्याशी तो मारला गेला. घोडेस्वार आणि तोफा या रानात कशा अडकल्या असतील, हे पुस्तकात वाचून कळत नाही. आत्ताच हा उतार उतरून आल्यावर मात्र पटकन पटतं. गडावरचा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा १९५७ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते उभा राहिला. २०२५ मध्ये मराठ्यांच्या ज्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, त्यांत प्रतापगड आहे.

वेळ असेल तर कुंभरोशीहून खाली पार गावात जा. रामवरदायिनीचं देऊळ आणि कोयनेवरचा, शिवकालीन म्हणून ओळखला जाणारा दगडी पूल बघण्यासारखे आहेत. पॉइंटांवरची गर्दी इथे नसते. माझ्या मते प्रतापगडानंतर या वाटेवरचा सर्वांत मोलाचा थांबा हाच.

कुंभरोशीच्या पुढे सातारा जिल्हा संपून रायगड सुरू होतो आणि घाटाची खरी वळणं लागतात. एका बाजूला कापलेला कडा, दुसऱ्या बाजूला खोल दरी. दाभिळ टोकाचा भाग याच टप्प्यात आहे. २८ जुलै २०१८ ला दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची सहलीला निघालेली बस इथे दरीत कोसळली आणि त्यातला एकच माणूस वाचला. दरीत उतरून मृतदेह वर काढायला महाबळेश्वर ट्रेकर्ससारख्या संस्थांची मुलं दोरांवरून खाली गेली होती. या टप्प्यात फोटोसाठी थांबू नका, गप्पा थांबवा आणि दुसऱ्या गिअरमध्ये शांतपणे उतरा. रस्त्यावर ताजे दगड किंवा माती दिसली, एखाद्या ओहळाचं पाणी अचानक गढूळ झालं, तर पुढे जाऊ नका. मागे या आणि मागून येणाऱ्यांनाही थांबवा. रस्त्यालगतच्या धबधब्याखाली गाडी लावून भिजणं तर कधीच नको, पाण्याबरोबर दगडही येतात.

उतार सौम्य झाला, हवा दमट आणि गरम वाटायला लागली, भातखाचरं दिसली की घाट संपत आला. इथे चालक सैलावतो आणि वेग वाढवतो. पण ब्रेक अजून तापलेलेच असतात आणि रस्त्यावर आता शाळेची मुलं, गुरं, रिक्षा आहेत. पोलादपूर येईपर्यंत तिसऱ्या गिअरच्या वर जाऊ नका.

पोलादपूरला पोहोचल्यावर

महामार्गाला लागण्याआधी पंधरा मिनिटं थांबा. गाडी बंद करून चाकांजवळ जा. जळका वास येतोय का, एखादं चाक बाकीच्यांपेक्षा फार तापलंय का बघा. एकच चाक तापलं असेल तर ब्रेक जाम झालेला असू शकतो, इथेच गॅरेज शोधा. तोवर कोकम सरबत घ्या.

दिवस हाताशी असेल तर पोलादपूर तालुक्यातच तानाजी मालुसऱ्यांचं उमरठ आहे, तिथे त्यांची समाधी आहे. उत्तरेला विसेक किलोमीटरवर महाड, जिथल्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सत्याग्रह केला. तिथून रायगडही जवळ आहे. दक्षिणेकडे कशेडी ओलांडून खेड-चिपळूण.

मुंबईहून येणाऱ्यांनी हा प्रवास उलटा करावा. मुंबई-गोवा महामार्गाने पोलादपूर, मग आंबेनळी चढून महाबळेश्वर, आणि परतताना पसरणी घाट. ज्याने घाटात फारशी गाडी चालवली नाही त्याच्यासाठीही हेच बरं, कारण चढाला ब्रेकवर ताण येत नाही. चढताना इंजिनच्या तापमानाचा काटा वर सरकायला लागला तर एसी बंद करा आणि रुंद जागी थांबा. इंजिन पूर्ण गार होईपर्यंत रेडिएटरचं झाकण उघडू नका. चढावरून गाडी पुन्हा सुरू करताना हँडब्रेकवर धरून क्लच सोडा, म्हणजे ती मागे येत नाही.

त्याच दिवशी महाबळेश्वरला मुक्कामाला परतायचं असेल तर पोलादपूर दुपारी चारच्या आत सोडा. हिवाळ्यात सहानंतर झपाट्याने अंधारतं आणि घाटात बिघाड झाला तर रात्री मदत मिळायला वेळ लागतो. उशीर झालाच तर पोलादपूर किंवा महाडलाच मुक्काम करा आणि सकाळी निघा.